ग्रॅनाइटमधले चिमूटभर दाणे: दुर्मिळ खनिजं रोवळून, निवडून, ओळखण्याची माझी पद्धत

पाच किलो ग्रॅनाइट फोडायच्या आधी हाती काय लागणार आहे, याचा हिशेब कागदावर मांडा. साध्या ग्रॅनाइटमध्ये झिर्कोनियम साधारण १५० पीपीएम असतं, म्हणजे दर दहा लाख भागांत १५० भाग. झिरकॉन या झिर्कोनियमच्या खनिजाच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन झिर्कोनियमचं, म्हणून झिरकॉन धरा ३०० पीपीएम. पाच किलोत तो झाला दीड ग्रॅम. ग्रॅनाइट ‘इव्हॉल्व्ड’ (वितळलेल्या खडकाच्या अगदी शेवटच्या रसातून बनलेला) असेल तर झिर्कोनियम ४० पीपीएमपर्यंत उतरलेलं असू शकतं, आणि मग झिरकॉन अर्ध्या ग्रॅमच्याही खाली येतो. कथील २० पीपीएम असेल आणि ते सगळं कॅसिटेराइट या कथिलाच्या खनिजातच बसलं असं मानलं (तसं होत नाही, बरंचसं अभ्रकात अडकतं), तरी कॅसिटेराइट भरतं सव्वाशे मिलिग्रॅम. चिमूटभर. ही चिमूट न सांडता बाहेर कशी काढायची आणि काढल्यावर तिच्यात काय काय आहे हे कसं ओळखायचं, ते सांगते.

मी नागपूरला एम.एस्सी.च्या मुलांना खडकशास्त्राचं प्रात्यक्षिक शिकवलं. नागपूर तसं खनिजवाल्यांचं गाव. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय इथे. त्यामुळे दर वर्षी दोन-तीन मुलं डिझर्टेशनला छत्तीसगडमधल्या बस्तरच्या पेग्मटाइटचा (ग्रॅनाइटसारख्याच, पण फार मोठ्या दाण्यांच्या खडकाचा) विषय घ्यायची आणि येऊन विचारायची, ‘मॅडम, सुरुवात कुठून करू?’ बहुतेकांना थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपाशी जायचं असायचं. मी त्यांना आधी घमेलं आणायला सांगायचे.

एक शब्दाची अडचण आधी मिटवते. खडकात अगदी थोड्या प्रमाणात असणारं खनिज म्हणजे ‘ॲक्सेसरी मिनरल’. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला गौण खनिज म्हटलेलं सापडतं. पण आपल्याकडे तहसील कार्यालयात गौण खनिज म्हणजे वाळू, मुरूम, खडी. परवानगीच्या अर्जात ‘गौण खनिजांचे नमुने गोळा करणे’ असं लिहिलंत तर तलाठी तुम्हाला ट्रॅक्टर कुठे उभा करणार ते विचारेल. म्हणून मी सरळ ॲक्सेसरी खनिज म्हणते.

आधी खडक बरोबर निवडा

साखर कारखाना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. रस आटतो, साखरेचे दाणे बसतात आणि दाण्यात ज्याला जागा मिळत नाही ते सगळं मळीत जातं. मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, थंड होताना फेल्डस्पार, क्वार्ट्झ, काळं अभ्रक ही साखर. लिथियम, बेरिलियम, रुबिडियम, सिझियम, नायोबियम, टॅन्टलम, कथील, टंगस्टन यांचे अणू कुणाचे आकाराने बसत नाहीत, कुणाचे विद्युतभाराने. ते मळीत साठत जातात. सोबत फ्लोरिन, बोरॉन आणि पाणीही साठतं, त्यामुळे उरलेला रस पातळ राहतो आणि फार कमी तापमानापर्यंत वाहता राहतो. या शेवटच्या रसाचा ग्रॅनाइट तो इव्हॉल्व्ड ग्रॅनाइट, आणि त्याहून पुढची पायरी म्हणजे त्याचे पेग्मटाइट.

बस्तरमध्ये हे नीट बघायला मिळतं. दरभा आणि पालियमचे ग्रॅनाइट, आणि बेंगपाल गटाच्या जुन्या खडकांत घुसलेले पेग्मटाइट. वय दोन अब्ज वर्षांहून जास्त. टोंगपाल, कटेकल्याण, मुंडवाल, गोविंदपाल ही नावं तुमच्या नकाशावर आधीच असतील. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टखाली झाकलेला आहे, त्यामुळे ग्रॅनाइटसाठी पूर्व विदर्भात, नांदेडच्या पूर्वेकडे किंवा थेट राज्याबाहेर जावं लागतं.

फील्डमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, खडक इव्हॉल्व्ड आहे हे डोळ्यांना आधी दिसतं. काळं अभ्रक कमी होतं, पांढरं वाढतं. खडक फिका, कधी चक्क साखरेसारखा दाणेदार पांढरा होतो, तो अल्बाइट, म्हणजे सोडियमचा फेल्डस्पार. मधेच वाइनच्या रंगाचे बारीक गार्नेट, काळ्या टुरमलीनच्या काड्या, फ्लोराइटचे जांभळे ठिपके. गोविंदपाल-मुंडवालकडे लेपिडोलाइट दिसतं, फिक्या जांभळ्या रंगाचं, खवल्याखवल्यांचं लिथियम-अभ्रक. ते दिसलं की तुम्ही मळीच्या तळाशी पोचलात.

खिशातलं चुंबकही बाहेर काढा. शुन्सो इशिहारा या जपानी भूवैज्ञानिकाने १९७७ मध्ये ग्रॅनाइटचे दोन वर्ग केले, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) मालिका आणि इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) मालिका. कथिलाचे ग्रॅनाइट बहुतेक करून दुसऱ्या मालिकेतले. कारण असं की ऑक्सिजन कमी असलेल्या रसात कथील रसातच थांबतं. ऑक्सिजन जास्त असेल तर ते स्फीन, मॅग्नेटाइट अशा आधी बसणाऱ्या खनिजांत शिरून विखरून जातं. खडकाच्या भुग्यात चुंबक फिरवलं आणि त्याला काळी दाढी आली, तर त्या ग्रॅनाइटकडून कथिलाची फार अपेक्षा ठेवू नका.

रासायनिक पृथक्करण हाती असेल तर तीन गुणोत्तरं काढा. झिर्कोनियम भागिले हाफ्नियम साध्या खडकात ३५ ते ४०, इव्हॉल्व्ड ग्रॅनाइटमध्ये २५ च्या आसपास किंवा खाली. नायोबियम भागिले टॅन्टलम ५ च्या खाली गेलं की खडक बराच पुढे गेलेला आहे आणि त्यात गरम द्रवांचाही हात आहे असं धरायला हरकत नाही. पोटॅशियम भागिले रुबिडियम १५० च्या खाली. तिन्ही एका दिशेने बोट दाखवत असतील तरच पुढे खर्च करा.

कुठली ॲक्सेसरी खनिजं शोधायची तेही यावरून ठरतं. कॅल्शियम भरपूर असलेल्या ग्रॅनाइटमध्ये रेअर अर्थ मूलद्रव्यं ॲलनाइटमध्ये आणि स्फीनमध्ये बसतात. कॅल्शियम संपत आलं की ही दोन्ही नाहीशी होतात आणि मोनाझाइट, झेनोटाइम (रेअर अर्थ आणि यिट्रियमची फॉस्फेट खनिजं) येतात. त्याहून पुढे गार्नेट मँगनीजचं होतं, झिरकॉनमध्ये हाफ्नियम वाढतं, आणि कोलंबाइट-टॅन्टलाइट (नायोबियम-टॅन्टलमचं खनिज), कॅसिटेराइट, बेरिल (बेरिलियमचं खनिज), पुष्कराज (टोपाझ) हजर होतात.

घमेलं आणि रोवळणं

खडक फोडायच्या आधी नाल्यावर जा. हजारो पावसाळ्यांनी तुमच्यासाठी खडक फोडून, धुऊन ठेवलेला असतो.

वाळू वरवरची घेऊ नका. पाण्याचा जोर जिथे मोडतो ती जागा शोधा: मोठ्या दगडाच्या मागची बाजू, वळणाची आतली कड, तळखडकातल्या भेगा, काठच्या झाडाच्या मुळांची जाळी. वरची वाळू बाजूला सारून तळखडकाला टेकलेली जाड खडी घ्या. जड दाणे तिथे उतरलेले असतात. चाळणीने मोठे गोटे काढा, ते बघून घ्या, आणि मगच टाका.

आता धुणं. बस्तरमध्ये गावातल्या बाया नाल्याकाठी बसून कथिलाची वाळू धुतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पुस्तकातली आकृती होती आणि घमेल्यातली निम्मी वाळू पाण्याबरोबर वाहून जात होती. शेजारच्या बाईने काही वेळ पाहिलं, मग माझं घमेलं ओढून घेतलं. ती हलबीत बोलत होती. हलबीत मराठीचे शब्द इतके की निम्मं बोलणं न सांगता कळतं. पण शिकवलं तिच्या मनगटांनी. घमेलं पूर्ण पाण्याखाली, आधी दोन-तीन जोरदार हिसके, मग कड किंचित खाली, आणि मग हलकं, गोल, न थांबणारं हेलकावणं. मला माझ्या आईचे हात आठवले. ती तांदूळ असेच रोवळायची. पाण्यात तांदूळ हलके होऊन वर सरकतात, खडे खाली बसतात, आणि ती तांदळाचा वरचा थर हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. खडे पातेल्याच्या कोपऱ्यात. आपल्याला हवे आहेत ते कोपऱ्यातले खडे.

म्हणून घरच्या घरी सराव करा. एक वाटी वाळूत पन्नास मोजून शिशाचे छर्रे किंवा बारीक स्टीलच्या गोळ्या टाका आणि रोवळून पाहा. पन्नासच्या पन्नास परत मिळेपर्यंत नाल्यावर जाऊ नका.

शेवटी घमेल्यात काळसर शेपूट उरते. तिथे थांबा. अगदी स्वच्छ काळं होईपर्यंत धुण्याचा मोह होतो, आणि त्यात पुष्कराज, गार्नेट, मोनाझाइट निघून जातात. कॅसिटेराइटची घनता ६.८ ते ७.१, ते तग धरतं. पुष्कराजाची ३.५, ती एका जास्तीच्या हेलकाव्याची पाहुणी. शेपूट अजून राखाडी असतानाच पिशवीत भरा, उरलेलं काम प्रयोगशाळेत.

फोडणं, आणि एक फसलेलं पृथक्करण

खडकातून दाणे काढायचे असतील तर पाच ते दहा किलो ताजा खडक घ्या. पेग्मटाइटसारखा मोठ्या दाण्यांचा असेल तर त्याहून जास्त. जॉ क्रशरमधून काढून पुढे लोखंडी खलबत्त्यात कुटा. कुटायचं म्हणजे दळायचं नाही. चार घाव, चाळणी, वर राहिलेलं पुन्हा चार घाव. ६० नंबरच्या जाळीखाली, म्हणजे पाव मिलिमीटरखाली, सगळं गेलं की थांबा. सलग कुटत राहिलात तर झिरकॉनच्या टोकांचा चुरा होतो आणि त्याचा आकार, जो वाचायला शिकायचं आहे, तोच हातून जातो. तोंडाला चांगला मास्क लावा, भुकटीवर पाणी शिंपडत राहा. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही.

ज्या भांड्यात दळता ते भांडं नमुन्यात उतरतं, हे मी किंमत देऊन शिकले. एका वर्षी आमचे ग्रॅनाइटचे नमुने दळायला आणि पृथक्करणाला बाहेर एका प्रयोगशाळेत पाठवले होते. आकडे आले, टंगस्टन भरपूर, टॅन्टलम चांगलं वर. आम्ही आनंदात. मी रात्री जेवण टाकून तक्ता पुन्हा पाहत बसले आणि कोबाल्टच्या रकान्यावर अडले. इतक्या फिक्या ग्रॅनाइटमध्ये इतकं कोबाल्ट यायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, दळलं कशात? टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये. त्या कार्बाइडला कोबाल्टने बांधलेलं असतं, आणि त्यात थोडं टॅन्टलमही असू शकतं. ज्या मूलद्रव्यांच्या शोधात निघालो तीच भांड्यातून आली होती. सगळे नमुने पुन्हा अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात, आठवडाभर. तेव्हापासून नमुना पाठवताना चिठ्ठीवर पहिली ओळ तीच: कशात दळणार ते कळवा. पोलादी भांडं लोखंड, मँगनीज, क्रोमियम देतं, ते आपल्या कामात चालून जातं. अगेट सर्वांत स्वच्छ, फक्त वेळ खातं.

कुटलेल्या भुग्याला पाण्याने धुताना वरचं गढूळ पाणी बादलीत साठवा, मोरीत ओतू नका. बारीक कोलंबाइट त्या गाळात असतो.

जड द्रव

आता भुगा जड द्रवात सोडायचा. आमच्या काळी ब्रोमोफॉर्म, घनता २.८९. क्वार्ट्झ २.६५, फेल्डस्पार २.५६ ते २.६२ च्या घरात, ती तरंगतात. जड दाणे फनेलच्या तळाशी बसतात, खालचा चिमटा सोडून गाळणकागदावर घ्यायचे. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय बाटलीचं बूच उघडू नका. मिळत असेल तर सोडियम पॉलिटंगस्टेट घ्या, ते पाण्यात विरघळतं आणि ३.० च्या वर घनता देतं. फक्त पाणी डिस्टिल्डच वापरा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम टंगस्टेटशी जुळून पांढरा साका तयार करतं आणि महागडा द्रव नासतो.

इथे मी केलेली सर्वांत मोठी चूक सांगते. बस्तरच्या एका पेग्मटाइटचा नमुना ब्रोमोफॉर्ममधून काढला. जड भाग नीट बाटल्यांत भरला. वर तरंगलेला पांढरा भाग, ‘नुसतं क्वार्ट्झ-फेल्डस्पार’ म्हणून विभागाच्या मागच्या बागेत कुंड्यांजवळ टाकला. दोन महिन्यांनी रासायनिक आकडे आले, बेरिलियम ठळकपणे वर. जड भाग उलटा-पालटा केला, बेरिलचा एक दाणा नाही. मग ध्यानात आलं. बेरिलची घनता साधारण २.६६ ते २.८. ब्रोमोफॉर्ममध्ये तो बुडणारच नव्हता. तो पांढऱ्या ढिगात तरंगत होता आणि मी त्याला स्वतःच्या हाताने बागेत नेऊन टाकलं होतं. पुढच्या जानेवारीत त्याच नाल्यावर परत जाऊन नमुना नव्याने आणावा लागला.

तेव्हापासून नियम एक: काम पुरतं संपेपर्यंत कुठलाही भाग फेकायचा नाही. आणि पद्धत अशी. तरंगलेला भाग वेगळ्या, पातळ केलेल्या पॉलिटंगस्टेटमध्ये पुन्हा सोडायचा. द्रवात गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक स्वच्छ तुकडा आणि बेरिलचा एक ओळखीचा तुकडा टाका. थेंब-थेंब डिस्टिल्ड पाणी घालत जा. बेरिल बुडतो आणि गारगोटी जेमतेम तरंगत राहते, तिथे थांबा. या द्रवात नमुन्यातला बेरिल, मस्कोव्हाइट (पांढरं अभ्रक), लेपिडोलाइट सगळे खाली येतात. अभ्रकाचे पापुद्रे त्रास देतात. खरखरीत कागद तिरपा धरून दाणे वरून सोडा आणि कागदाला टिचक्या मारा. गोल दाणे घरंगळतात, पापुद्रे चिकटून राहतात. सुपात पाखडल्यासारखं आहे, हात बसला की पाच मिनिटांचं काम.

चुंबकाचे तीन फेरे

जड भागावर पहिला फेरा साध्या चुंबकाचा. जुन्या लाउडस्पीकरचं गोल चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. मॅग्नेटाइट आणि खलबत्त्यातून आलेले लोखंडाचे कण चिकटतील. पिशवी उलटी केली की सुटतात. थेट चुंबकाला कधी लावू नका, आयुष्यभर निघत नाहीत. दुसरा फेरा निओडिमियम चुंबकाचा, तो इल्मेनाइट, गार्नेट आणि काही कोलंबाइटही उचलतो.

तिसरा फेरा विभागात फ्रान्ट्झ सेपरेटर (विद्युतचुंबकाने दाणे वेगळे करणारं यंत्र) असेल तर त्याचा. करंट हळूहळू वाढवत न्यायचा आणि प्रत्येक पायरीचा भाग वेगळ्या बाटलीत. आधी इल्मेनाइट, मग गार्नेट आणि कोलंबाइट, झेनोटाइम, टुरमलीन, मग मोनाझाइट. शेवटपर्यंत न हलणारे: झिरकॉन, कॅसिटेराइट, पुष्कराज, ॲपेटाइट, फ्लोराइट, शीलाइट (टंगस्टनचं खनिज). झेनोटाइम आणि झिरकॉन दिसायला सख्खे भाऊ, दोघे चौकोनी आडव्या छेदाचे, टोकाला मनोरा. डोळ्यांनी फसाल, चुंबक फसत नाही. कॅसिटेराइटच्या पोटात कोलंबाइटचे कण असले तर तो मात्र चुंबकाकडे ओढला जातो, म्हणून आधीच्या बाटल्याही बघा.

दाण्याला कल्हई

आता बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली काळ्या-तपकिरी दाण्यांचा ढीग आहे. यात कॅसिटेराइट कुठलं? चमक हिऱ्यासारखी तेलकट, कधी कोपरासारखी मुडपलेली जुळी. पण झिजलेले दाणे रुटाइलसारखे दिसतात, टुरमलीनसारखेही दिसतात. इथे एक जुनी परीक्षा आहे, आणि ती पहिल्यांदा करताना बहुतेक मुलं श्वास रोखून धरतात.

साधा जस्त-कार्बनचा जुना सेल फोडून त्याच्या जस्ताच्या कवचाचा नखाएवढा तुकडा घ्या. अल्कलाइन सेलचं कवच चालत नाही, ते पोलादाचं असतं. तुकडा घासून चकचकीत करा, वॉचग्लासमध्ये ठेवा, वर संशयित दाणे मांडा, शेजारी एक नक्की ठाऊक असलेला टुरमलीनचा दाणा ठेवा. खिडकी उघडा, जवळ ज्योत नको. मग ड्रॉपरने साधारण दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल दाणे बुडतील इतकं घाला. बुडबुडे फुटायला लागतात, दाणे जस्तावर थरथरतात. ते जस्ताला टेकलेले राहिले पाहिजेत, सरकले तर काचेच्या काडीने परत आणा. पाच ते दहा मिनिटं थांबा. आम्ल ओतून टाका, पाण्याने दोनदा धुवा, दाणे कागदावर घ्या.

टुरमलीन आहे तसाच काळा. आणि त्याच्या शेजारचा, मघाशी तपकिरी असलेला दाणा राखेच्या रंगाचा झालेला असतो. सुती फडक्याच्या घडीत धरून बोटाने चोळा. चांदीसारखा उजळतो. पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला नवसागर आणि कथील लावून फडकं फिरवायचा, तसंच हे फडकं आणि तसंच हे कथील. जस्त आणि आम्लातून निघालेला हायड्रोजन कॅसिटेराइटच्या वरच्या थरातला ऑक्सिजन काढून घेतो, आणि धातूचं कथील तिथेच पापुद्र्यासारखं उरतं. मशीनवर दीड तास नंबर लावून जे उत्तर मिळालं असतं ते दहा मिनिटांत टेबलावर.

कोलंबाइट-टॅन्टलाइटला अशी सोपी परीक्षा नाही. काळा, चपटा, कधी पृष्ठावर निळसर-जांभळी झाक. घनता कोलंबाइटची ५.२ पासून, टॅन्टलाइटची ८ पर्यंत. मोठा दाणा असेल तर घनता मोजूनच टॅन्टलम किती याचा अंदाज बांधता येतो.

अतिनील दिवा अंधारात फिरवून घ्या, आखूड लहरींचा, डोळ्यांवर चष्मा लावून. शीलाइट निळसर पांढरं पेटतं, नवख्यालाही चुकत नाही. नागपूरच्या मुलांना हे शिकायला बस्तरला जावं लागत नाही, कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजं आहेत. झिरकॉन पिवळा-नारिंगी चमकतो, पण इव्हॉल्व्ड ग्रॅनाइटमधला झिरकॉन बऱ्याचदा चमकत नाही. त्यात युरेनियम जास्त असतं, किरणोत्साराने त्याची स्फटिकरचना आतून मोडलेली असते, आणि तो मळकट, अपारदर्शक, तडकलेला दिसतो. सुंदर, स्वच्छ झिरकॉन वेचत बसलात तर या ग्रॅनाइटचा खरा झिरकॉन मागे राहील. मळकट वेचा.

पातळ छेदात

खडकाचा तीस मायक्रॉन जाडीपर्यंत घासलेला काप म्हणजे पातळ छेद. त्यात काळ्या अभ्रकातली गडद वलयं आधी बघा, मध्यभागी झिरकॉन किंवा मोनाझाइट असतो. पांढऱ्या अभ्रकात हीच वलयं फिकी असतात, म्हणून तिथे जास्त मोठं करून दाखवणारं भिंग लावा. पुष्कराज क्वार्ट्झच्या वेषात बसतो. ध्रुवण-रंग दोघांचे सारखेच राखाडी, पण पुष्कराजाचा अपवर्तनांक १.६० च्या वर, क्वार्ट्झचा १.५५ च्या आसपास. एक निकॉल (ध्रुवक) काढा, पुष्कराज उठून दिसतो आणि त्याला क्लीव्हेजची सरळ रेघ असते. राजस्थानात देगाण्याच्या रेवत टेकडीच्या ग्रॅनाइटचा छेद मिळाला तर हा सराव तिथे करा, लिथियम-अभ्रक, पुष्कराज, फ्लोराइट एकाच खडकात भेटतात. फ्लोराइट क्रॉस निकॉलखाली पूर्ण काळा राहतो आणि साध्या प्रकाशात खड्ड्यासारखा खोल दिसतो.

इतकं झालं की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा नंबर लावा. कुठल्या दाण्याला काय विचारायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जपायचं ते क्ष-किरणांच्या रेषा एकमेकींवर चढतात त्याला. सिलिकॉनची रेषा १.७४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला, टॅन्टलमची १.७१ ला, टंगस्टनची १.७७ ला. मशीन टॅन्टलाइटमध्ये बेधडक सिलिकॉन दाखवतं. झिर्कोनियम आणि फॉस्फरसचंही तसंच, २.०४ आणि २.०१. झिरकॉनमध्ये फॉस्फरस दिसला की लगेच झेनोटाइमचा शोध जाहीर करू नका, यिट्रियम आहे का ते बघा.

मोनाझाइटमध्ये थोरियम असतं. जड भागाच्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर, उशाशी ठेवू नका, हाताळल्यावर हात धुवा. कायद्याने मोनाझाइट हा अणुऊर्जेशी संबंधित विहित पदार्थ आहे, त्याची खरेदी-विक्री आपल्या हातात नाही. लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टॅन्टलम, टायटॅनियम, झिर्कोनियम यांची खनिजं २०२३ च्या दुरुस्तीने अणुखनिजांच्या यादीतून बाहेर आली, पण म्हणून कुणाच्याही नाल्यातून पोतं भरून आणता येत नाही. वनखात्याची, खनिकर्म खात्याची परवानगी आणि ग्रामसभेशी बोलणं निघण्याआधी. बस्तरमध्ये ती वाळू धुऊन त्या बायांचं घर चालतं. त्यांच्या धुतलेल्या ढिगातून नमुना उचलायचा नाही, मागायचा, आणि पैसे द्यायचे.

राहिलं लेबल. पेन्सिलने, कारण शाई ॲसिटोनने उडते. नाल्याचं किंवा उघड्या खडकाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, सुरुवातीचं वजन, कशात कुटलं, कुठली जाळी, कुठला द्रव, किती करंट. बाटलीवर एक चिठ्ठी, बाटलीच्या आत दुसरी. वर तरंगलेल्या पांढऱ्या भागाच्या पिशवीवरही तेच सगळं लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘बेरिल तपासायचा आहे’. माझ्या कपाटात अशा अकरा पिशव्या आहेत. त्यातल्या चार अजून तपासायच्या राहिल्या आहेत, आणि पुढच्या आठवड्यात दोन मुली त्यासाठी येणार आहेत.